डीकनच्या दारात सात खुर्च्या

१२ जानेवारी, मंगळवार

डॉक्टरांनी रोज रक्तदाब लिहून ठेवायला सांगितलं म्हणून ही वही आणली. दोन आकड्यांसाठी दोनशे पानं. उरलेल्या जागेत मनातलं लिहीन म्हणते. तोंडानं बोलले तर चर्चमधल्या अर्ध्या बायका माझ्याशी बोलायच्या बंद होतील आणि उरलेल्या अर्ध्या जरा जास्तच बोलायला लागतील.

आज १५२ वर ९०. कारण, रेनिटा बॅस्कम.

ही रेनिटा शाळेत नर्स आहे. वय चाळीस, आवाज कर्ण्यासारखा. तिनं रेव्हरंडांकडे आमच्या चर्चचं तळघर मागितलं. दर मंगळवारी पाच वाजता सभा. गटाचं नाव 'उघडं दार'. काम काय, तर आपल्या काळ्या बायका-पोरींना घरात-दारात जी मारहाण होते ती थांबवायची. सरकारला जमलं नाही, पोलिसांना जमलं नाही, ते रेनिटा तळघरात कॉफी पिऊन जमवणार. धन्य.

रेव्हरंड हो म्हणाले. त्यांना कोणालाच नाही म्हणता येत नाही. नाही म्हणायची कामं ते चर्चचे कारभारी डीकन गॅस्किन्स यांना देतात. आणि तळघराच्या किल्ल्या माझ्याकडे. स्वयंपाक समिती मी नऊ वर्षं सांभाळते आहे. म्हणजे दर मंगळवारी माझी संध्याकाळ गेली.

१३ जानेवारी, बुधवार

डीकन गॅस्किन्स स्वतः घरी आले. पाय पुसून आत आले, टोपी काढली. अशी माणसं आता होत नाहीत. माझे मिस्टर गेले त्या हिवाळ्यात माझी घर गरम करायची भट्टी बंद पडली होती, तेव्हा ह्यांनीच येऊन दुरुस्त केली. कॉफीसुद्धा घेतली नव्हती.

म्हणाले, "सिस्टर प्रुइट, किल्ल्या तुमच्याकडे आहेत म्हणून मी निर्धास्त आहे. ह्या बायकांचा हेतू चांगला असेल, पण घराघरांतल्या गोष्टी चव्हाट्यावर आल्या तर चर्चचं काय राहील? खाली काय चालतं, कोण येतं-जातं, तेवढं माझ्या कानावर घालत जा. सगळ्या चर्चमध्ये एक तुम्हीच विचारी बाई आहात."

मी म्हटलं, "त्यात काय, घालीन की." एकतीस वर्षं टपाल वाटलंय मी. निरोप पोचवणं माझ्या रक्तात आहे.

ओठांना लाली लावली होती हे बरं झालं. सहजच लावली होती.

१९ जानेवारी, मंगळवार

तळघरातली पहिली सभा. अकरा बायका, आणि व्हर्निस ओक्सचा मुलगा ओझेल. हा पन्नाशीचा ट्रक चालवणारा माणूस गुरुवारी न्हाव्याच्या दुकानात पुरुषांना जमवून 'हात उगारावासा वाटतो तेव्हा काय करावं' यावर बोलतो म्हणे. आम्ही पंचाहत्तर वर्षं पुरुषांना हेच सांगतोय की हात खाली ठेवा. त्याला आता दुकान आणि गुरुवार लागतो.

व्हर्निसला पाहून मात्र चाटच पडले. माझी चाळीस वर्षांची मैत्रीण, चौऱ्याहत्तर वर्षांची, कोरसमध्ये अजून वरच्या पट्टीत गाते. मी विचारलं, "तू इथे कशाला गं?" ती म्हणाली, "अगं, उशीरच झालाय मला." एवढंच. हल्ली कोड्यात बोलायची सवय लागली आहे तिला.

रेनिटानं आपल्या बहिणीचं सांगितलं. नवऱ्यानं मारली तिला, सहा वर्षांपूर्वी. अंत्यविधी आमच्याच चर्चमध्ये झाला होता; रेव्हरंडांनी क्षमेवर चाळीस मिनिटं प्रवचन दिलं होतं. मी त्या दिवशी मक्याचा पाव केला होता एवढं आठवतंय. रेनिटा म्हणाली, "आठ वेळा तिनं फोन केला होता. पोलिसांना, रेव्हरंडांना, मला. मी म्हणायची, उद्या येते."

 मी कॉफीचं भांडं घासायला घेतलं.

२६ जानेवारी, मंगळवार

यांची युक्ती ऐका. एखाद्या बाईनं कळवलं की मी घरात अडकले आहे, मला निघायचंय, तर ह्या सगळ्या तिच्या दारासमोर खुर्च्या टाकून बसणार. भांडायचं नाही, ओरडायचं नाही. कॉफी प्यायची आणि ती बाहेर येईपर्यंत उठायचं नाही.

मी म्हटलं, "आणि त्यानं बंदूक काढली तर?"

रेनिटा म्हणाली, "मिस आर्डेलिया, बंद दाराआड काढायला त्याला भीती वाटत नाही. अकरा जणी बघत असल्या की वाटते. इथे यायच्या आधीच चार घरं झाली. एका ठिकाणी सहा तास लागले."

"आणि पोलीस?"

सगळ्या हसल्या. व्हर्निस म्हणाली, "गोरी पोरगी हरवली तर सरोवरात पाणबुडे उतरवतात, काळी हरवली तर लिहितात, घरातून पळून गेली. आर्डेलिया, तू एवढी वर्षं दारोदार फिरलीस, तुला सांगायला हवं का?"

मला काय माहीत. मी पत्रं टाकायचे आणि पुढे जायचे. दाराच्या आत काय चालतं ते बघायचा पगार नव्हता.

डीकनना सगळं सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते. "खुर्च्या कुठल्या वापरणार?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "चर्चच्याच." ते हसले. किती बारकाईनं विचार करतात.

२ फेब्रुवारी, मंगळवार

आज कोण आलं असेल! डीकनची केझाया. म्हणजे त्यांच्या दुसऱ्या बायकोची, आर्नेटाची, पहिल्या लग्नाची मुलगी. पंधरा वर्षांची, बारीक वेण्या कमरेपर्यंत. मनगटाला पट्टी होती. मी विचारलं तर म्हणाली, बर्फावरून पाय घसरला. आजकालच्या पोरी बर्फात असले बूट घालतात की घसरणार नाहीत तर काय.

सभेत बोलली नाही. रेनिटाशी मात्र जिन्याखाली बराच वेळ कुजबुजली. जाताना माझ्यापाशी आली.

"मावशी, मी आले होते हे घरी सांगू नका हं. मी कोरसच्या सरावाला गेले असं सांगितलंय."

"खोटं बोललीस?"

"हो."

"तेही देवाच्या नावानं?"

तिनं माझी बाही धरली. मग म्हणाली, "मावशी, प्लीज."

मी मान हलवली. मान हलवणं म्हणजे वचन नव्हे.

३ फेब्रुवारी, बुधवार

डीकनना सांगितलं. रात्रभर विचार केला होता, पण मुलगी बापाशी खोटं बोलते आणि आपण गप्प बसायचं हे काही चांगलं नाही. सावत्र असला तरी बापच. शिवाय गोड शब्दांत सांगितलं, "मुलगी गुणी आहे हो, फक्त जरा भरकटली आहे. रेनिटाच्या कानाला लागली होती."

 डीकन माझा हात हातात घेऊन म्हणाले, "सिस्टर प्रुइट, तुमचे उपकार कसे फेडू?"

१४० वर ८४. बघा, कर्तव्य केलं की रक्तदाबसुद्धा उतरतो.

७ फेब्रुवारी, रविवार

चर्चमध्ये केझाया कोरसमध्ये नव्हती. पहिल्या बाकावर, डीकन आणि आर्नेटा यांच्या मधे बसली होती. लोकरीची टोपी कानापर्यंत ओढलेली. देवाच्या घरात टोपी! मी उशिरा येणाऱ्यांना जागा दाखवत होते, म्हणून जवळून जाताना हळूच म्हटलं, "टोपी काढ गं." तिनं मान वर केली नाही. डीकनच म्हणाले, "सर्दी झालीय तिला, राहू द्या." किती मायेनं.

टोपीखालून वेण्या मात्र दिसल्या नाहीत. एवढ्या लांब वेण्या टोपीत कशा मावल्या कोण जाणे.

आर्नेटानं दानाची थाळी पुढे दिली तेव्हासुद्धा हातमोजे काढले नाहीत. थंडी फारच पडली आहे.

९ फेब्रुवारी, मंगळवार

आज वातावरण बिघडलेलं होतं. कॉफीला कोणी हात लावला नाही.

रेनिटा म्हणाली, "केझाया चार दिवस शाळेत आलेली नाही. मी पोलिसांना तिच्या घरी पाठवलं. ते गेले, डीकननी त्यांना कॉफी पाजली, पोलिसांनी सांगितलं की भल्या माणसाचं घर आहे, मुलीला सर्दी आहे. तिनं मला त्या दिवशी जिन्याखाली सगळं सांगितलं होतं. मनगट त्यानंच मोडलं. आर्नेटाला तर चार वर्षं मारतोय. पुढच्या मंगळवारी आई आणि लेक दोघी निघणार होत्या. ती इथे येते हे त्याला कळायलाच नको होतं."

व्हर्निसनं विचारलं, "मग कळलं कसं?"

"तिला खाली कोणी पाहिलं? मी, तू, ओझेल," रेनिटा बोटं मोजत म्हणाली, आणि थांबली. माझ्याकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. ते जास्त लागलं.

मी म्हटलं, "डीकन गॅस्किन्स? त्या माणसानं माझी भट्टी दुरुस्त केली आहे!"

 असे आरोप करायला काहीतरी पुरावा नको का? पोरी काय, काहीही सांगतात. रागारागानं निघून आले. किल्ल्या मात्र टेबलावर विसरले. व्हर्निसनं आणून दिल्या. दारातच दिल्या, आत आली नाही.

१० फेब्रुवारी, बुधवार

त्यांचं खोटं पाडायचं म्हणून मी स्वतः गेले. आर्नेटाचं काचेचं भांडं नाताळपासून माझ्याकडे होतं, ते परत द्यायचं निमित्त. डीकनची गाडी नव्हती. घंटी वाजवली. पुन्हा वाजवली.

आतून आर्नेटा म्हणाली, "कोण?"

"मी, आर्डेलिया. भांडं आणलंय."

"पायरीवर ठेवा."

"अगं, उघड तरी. काच आहे, कुत्रं पाडेल."

"उघडता येत नाही." आणि मग अगदी हळू, "बाहेरून कुलूप आहे, सिस्टर."

मी वर पाहिलं. होतं. नवं कोरं, पितळेचं, दाराच्या वरच्या कडीला. एकतीस वर्षांत मी हजारो दारं पाहिली. बाहेरून कुलूप लावतात ते घर रिकामं असताना.

वरच्या खिडकीत पडदा हलला. केझाया होती. टोपी नव्हती. डोक्यावरचे केस कात्रीनं कसेतरी खरवडून काढल्यासारखे, कुठे बोटभर, कुठे काहीच नाही. तिनं मला पाहिलं. रडली नाही, खूण केली नाही. नुसती बघत राहिली, आणि मग पडदा लावून घेतला. भिकारी दारात आला की लावतात तसा.

भांडं पायरीवर ठेवून मी चालत घरी आले. बस डोळ्यांसमोरून गेली, हात केला नाही.

मीच सांगितलं होतं. मीच. आणि वर गोड शब्दांत.

११ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी शाळेत जाऊन रेनिटाला गाठलं. तिच्या खोलीत एक मुलगा नाक दाबून बसला होता; त्याला तिनं बाहेर पाठवलं. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. डीकन घरी आले तिथपासून हात हातात घेतला तिथपर्यंत. ती ओरडेल अशी आशा होती. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

तिनं कागदी रुमालांचा खोका पुढे केला. "रडून झालं की सांगा. त्या घराला दारं किती?"

"दोन. मागचं त्यानं फळ्या ठोकून बंद केलंय, मागच्या हिवाळ्यात. वारा येतो म्हणाला होता." हे बोलताना माझं मलाच ऐकू आलं.

"म्हणजे पुढचं एकच. तो घरी नसला की बाहेरून कुलूप. म्हणजे तो घरी असतानाच जायला हवं." ती विचार करत होती. "पण आर्नेटाला निघायचंय का? तिला ओढून नाही आणायचं. तिनं सांगायला हवं."

आज संध्याकाळी विश्वस्तांची सभा, डीकन अध्यक्ष. घरात आर्नेटा आणि केझाया दोघीच, फोन चालू. व्हर्निसनं माझ्या स्वयंपाकघरातून फोन लावला. न जाणो, तो लवकर घरी आला आणि ऐकलं तर, म्हणून शुक्रवारच्या माशांच्या जेवणाचं निमित्त.

"आर्नेटा, तुझी किती ताटं धरू गं?"

 मग आर्नेटा म्हणाली, "दोन."

"शुक्रवारीच?"

"नाही. शनिवारी. सकाळी दहाला." आणि फोन ठेवला.

व्हर्निस तशीच रिसीव्हर धरून बसली. म्हणाली, "माझ्या ओझेलचा बाप मला मारायचा, तेव्हा मी पण रोज अशी ताटं मोजायचे. कोणी फोन केला नाही."

चाळीस वर्षांची मैत्रीण. मला माहीत नव्हतं. म्हणजे मी विचारलं नव्हतं. एकदा तिचा सुजलेला ओठ पाहून मी म्हटलं होतं, दातांच्या डॉक्टरकडे जा.

१३ फेब्रुवारी, शनिवार

जसं झालं तसं लिहिते.

सात जणी गेलो. चर्चच्याच सात घडीच्या खुर्च्या. किल्ल्या अजून माझ्याकडे होत्या. थंडी अशी की नाकातला श्वास गोठावा. ओझेलनं ट्रक डीकनच्या गाडीमागे आडवा लावला आणि पलीकडच्या फुटपाथवर हात खिशात घालून उभा राहिला. तिथून हलायचं नाही, तोंड उघडायचं नाही, असं रेनिटानं त्याला बजावलं होतं. आम्ही पायरीसमोर खुर्च्या मांडल्या. मी कॉफीचा थर्मास उघडला. दहाला पाच कमी होते.

दार उघडून डीकन बाहेर आले. अंगात बटणांचा स्वेटर, हातात बायबल. बायबल हातात घेऊन दार उघडायची सवय त्यांना कधीपासून, हे मला विचारावंसं वाटलं.

"सिस्टर्स! एवढ्या थंडीत? काही अडचण आहे का?"

रेनिटा म्हणाली, "काही नाही. बसलोय."

"आत या ना मग."

"नको. बाहेर बरं आहे."

मग त्यांची नजर माझ्यावर आली. "सिस्टर प्रुइट, तुम्हीसुद्धा? तुम्ही तर विचारी आहात."

मी काय बोलायचं ते ठरवून आले नव्हते. म्हणाले, "विचार केला ना. त्याला आठवडा लागला, एवढंच."

"हे माझ्या घरातलं आहे."

"हो. म्हणूनच आम्ही आत नाही आलो."

ते हसले, पण फक्त दातांनी. पोलिसांना बोलावतो म्हणाले. रेनिटा म्हणाली, "बोलवा, त्यांच्यापुरती कॉफी आहे." त्यांनी फोन केला नाही. दार आपटून आत गेले. आतून आवाज आला, त्यांचा, एकट्याचाच, भिंतीला धडका देणारा. व्हर्निसनं गाणं सुरू केलं. चर्चमधलं नव्हतं, तिच्या आईचं कपडे धुतानाचं काहीतरी. आम्हाला शब्द येत नव्हते. आम्ही नुसत्या गुणगुणत बसलो.

शेजारची पाड्गेट म्हातारी झाडू घेऊन बाहेर आली, बर्फ नसलेली जागा झाडायला. मग पलीकडचा नवरा-बायको. मग आणखी कोणी. तासाभरात गल्लीतल्या प्रत्येक अंगणात कोणी ना कोणी उभं होतं. ह्या सगळ्यांची पत्रं मी टाकली आहेत. कोणी विचारलं नाही काय चाललंय. मला वाटतं सगळ्यांना माहीत होतं. मला वाटतं माझ्याशिवाय सगळ्यांना माहीत होतं.

बारा वाजायला दहा मिनिटं असताना दार उघडलं. आर्नेटा होती. कोट घातलेला, हातात एक पिशवी, मागे केझाया. आर्नेटा पहिल्या पायरीवर पाय ठेवते आहे तोच मागून डीकनचा हात आला आणि तिचं मनगट धरलं. घट्ट. 

मी उठले. खुर्ची मागे पडली. गुडघ्यांनी कुरकूर केली. मी पायरीपाशी जाऊन उभी राहिले आणि त्यांना नावानं हाक मारली. डीकन नाही, ब्रदर नाही. "लेम्युएल गॅस्किन्स," मी मोठ्यानं म्हटलं, दारात रजिस्टर पत्र आल्यावर ओरडायचे तसं, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं. "लेम्युएल गॅस्किन्स, तो हात सोडा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या मागे पाहिलं. म्हातारी झाडू धरून उभी होती. नवरा-बायको. पोरं. ओझेल. सगळे त्यांच्या हाताकडे बघत होते, फक्त हाताकडे.

बोटं एकेक करून सुटली.

आर्नेटा उतरली. केझाया उतरली. मी हात पुढे केला, तिला आधाराला. केझाया माझ्या हाताला वळसा घालून गेली.

१४ फेब्रुवारी, रविवार

प्रेमाचा दिवस. रेव्हरंडांनी कुटुंबाच्या पावित्र्यावर प्रवचन दिलं. डीकन पहिल्या बाकावर, रुमाल डोळ्यांना. निम्मं चर्च त्यांच्या गळ्यात पडलं. प्रवचनानंतर रेव्हरंडांनी मला बाजूला घेतलं. "सिस्टर प्रुइट, आधी माझ्याकडे यायला हवं होतं. आपण खासगीत बोललो असतो."

मी म्हटलं, "रेनिटाच्या बहिणीनं केला होता ना तुम्हाला फोन, खासगीत."

त्यांनी किल्ल्या मागितल्या. दिल्या. नऊ वर्षांत पहिल्यांदा पर्स हलकी वाटली. तरी घरी येऊन एक तास स्वयंपाकघरात नुसती उभी होते.

१६ फेब्रुवारी, मंगळवार

तळघराचं कुलूप बदललं. 'उघडं दार' बंद दारासमोर उभं. आता सभा कुठे, असं सगळ्या एकमेकींना विचारत होत्या. माझ्या तोंडून निघून गेलं, "माझ्याकडे या."

आल्या. दहा जणींनी माझ्या पांढऱ्या गालिच्यावर पावाचा चुरा सांडला. ओझेलनं कॉफीचा डाग पाडला आणि सॉरी म्हणून तो रुमालानं चांगला पसरवला. त्यांना आता घालवायचं कसं, तेच कळत नाही.

आर्नेटा आणि केझाया व्हर्निसच्या वरच्या मजल्यावर राहतात. आर्नेटा आली होती. माझ्याशेजारी बसली आणि म्हणाली, "मनगटाला बर्फ लावला, सूज उतरली थोडी." मला ते सांगायची काही गरज नव्हती. तरी सांगितलं.

८ मार्च, मंगळवार

आज कोर्ट. डीकननी जवळ येऊ नये असा मनाई हुकूम आर्नेटानं मागितला होता. चौदा बायका जाऊन बसल्या, मारहाणीविरुद्धचा रंग म्हणून सगळ्या जांभळ्या कपड्यांत. मी बाहेर व्हरांड्यात बसले. केझायानं व्हर्निसकडे निरोप दिला होता, "सगळ्या या. ती नको."

तेव्हा मी बाकावर बसून समोरच्या भिंतीवरची सूचना एकोणीस वेळा वाचली. थुंकू नये असं लिहिलं होतं.

डीकन वकिलाबरोबर आत गेले. माझ्यासमोरून जाताना थांबले. "देव सगळं बघतो, सिस्टर."

मी म्हटलं, "चला, एक तरी साक्षीदार मिळाला."

हुकूम मिळाला, चार वर्षांचा. मनगटाचा खटला वेगळा, तो उन्हाळ्यात. अजून ते डीकन आहेतच. निवडणूक घ्या म्हणून मी पत्र लिहिलं आहे. आतापर्यंत सह्या तेवीस. चर्चमध्ये माणसं तीनशे. पण मी दारोदार फिरायला घाबरत नाही.

केझाया बाहेर आली तेव्हा डोक्यावर टोपी नव्हती. केस सगळीकडे एकसारखे, अगदी बारीक कापलेले. शोभून दिसत होती. सांगितलं नाही.

१२ एप्रिल, मंगळवार

पाच वाजता घंटी वाजली. दारात केझाया.

 ती म्हणाली, "मी तुमच्यासाठी नाही आले. मंगळवार आहे म्हणून आले."

"ये."

"आणि मावशी म्हणणार नाही."

"नको म्हणूस."

ती आत जाऊन खिडकीपाशी बसली. माझ्या हातचं काही खाल्लं नाही, फक्त पाणी घेतलं, तेही स्वतः नळाखाली धरून.

सभा अर्ध्यावर आली असेल तेव्हा रेनिटाबरोबर आलेली एक नवी मुलगी बोलली. तेरा वर्षांची, केझायाच्या शाळेतली, बाह्या बोटांपर्यंत ओढलेल्या. तिचं नाव लिहीत नाही.  म्हणाली, "मी इथे काही बोलले तर ते घरी कळेल का?"

रेनिटा नाही म्हणायला तोंड उघडतच होती, तेवढ्यात केझाया म्हणाली, "थांबा. हिला सांगू द्या." आणि माझ्याकडे बोट केलं.

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मला बोलता येतं. आयुष्यभर बोलतच आले. त्या वेळी मात्र आधी हातातला कप खाली ठेवला. मग मी त्या मुलीकडे बघून सांगितलं, गोड शब्द न घालता. "हिनं मला सांगितलं होतं, घरी सांगू नका. मी मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी सांगितलं. तो माणूस मला चांगला वाटत होता. मला चांगली म्हणत होता, म्हणून. त्यानं हिला कोंडलं, हिचे केस कापले. ते माझ्यामुळे झालं."

 मुलीनं माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे. मला वाटलं, जाणार. गेली असती तर तिचं बरोबरच होतं.

केझाया उठली. खिडकीपाशी ठेवलेली खुर्ची तिनं ओढत आणली, गालिच्याला सुरकुत्या पाडत, आणि त्या मुलीच्या आणि माझ्या मधे ठेवून बसली.

"बोल तू," ती मुलीला म्हणाली. "हिनं आता कुठे सांगितलं, तर मी आहे."

मग ती मुलगी बोलली. पाऊण तास.

काय बोलली ते मी इथे लिहिणार नाही.